बोरिवलीहून लांब

‘गोराई बोरिवलीहून लांब आहे.’ चार शब्दांचं वाक्य. खाडीच्या अलीकडच्या धक्क्यावर उभं राहून कुणी ते म्हटलं, तर बोरिवलीपासून गोराईपर्यंत बराच पल्ला आहे, असा त्याचा अर्थ होतो. तेच वाक्य चर्चगेटला विरार लोकलची वाट पाहणारा माणूस बोलला, तर अर्थ फिरतो: बोरिवली लांब खरी, पण गोराई तिच्याहूनही लांब. पहिल्या वेळी ‘हून’ प्रवास कुठून सुरू झाला ते सांगतो, दुसऱ्या वेळी माप कशाला लावलं ते. इंग्रजीला या दोन कामांसाठी ‘फ्रॉम’ आणि ‘दॅन’ असे दोन शब्द लागतात. मराठी एका प्रत्ययात भागवते, आणि बहुतेक वेळा कुणाचं काही अडत नाही.

अडतं ते मराठी बोलणारं मूल इंग्रजीची वही उघडतं तेव्हा. ‘माझं घर तुझ्यापेक्षा मोठं आहे’ हे त्याच्या घरात रोज ऐकू येणारं वाक्य. ते इंग्रजीत नेताना मूल लिहितं, ‘माय हाउस इज बिगर दॅन यू’, आणि शिक्षक लाल शाईने विचारतात की घराची तुलना माणसाशी कशी होईल? प्रश्न चोख आहे. पण चूक अडाणीपणाची नाही. मराठीत ‘तुझ्या’ हे रूप ‘तू’चंही असतं आणि ‘तुझं’चंही, शब्दयोगी अव्यय लागलं की दोघांचा वेश एकच होतो. ‘तुझ्यापेक्षा’मध्ये तू आहेस की तुझं घर आहे, हे ऐकणारा आपसूक ओळखतो. इंग्रजीत ‘यू’ आणि ‘युवर्स’ हे निरनिराळे कपडे घालून फिरतात, म्हणून तिथे घोटाळा उघडा पडतो.

या एका लाल रेघेमागे चारेकशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा गोराईच्याच आसपास घडला.

मराठी विशेषण तुलनेने बदलत नाही, ही त्यातली मूळ गोष्ट. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ या म्हणीत वीट मऊ आहे असं कुणी मानत नाही. कपाळावर बसली की कळतं. मऊपणा फक्त दगडाच्या शेजारी ठेवल्यावरचा. इंग्रजीत तिथे ‘सॉफ्ट’ला ‘सॉफ्टर’ व्हावं लागतं. मराठीत ‘मऊ’ जागचा हलत नाही, सगळा भार ‘दगडापेक्षा’वर पडतो. ‘पेक्षा’ हा शब्द संस्कृत ‘अपेक्षा’तून आलेला, आणि अपेक्षा म्हणजे मुळात एखाद्या गोष्टीकडे पाहणं, ती हिशेबात धरणं. तेव्हा म्हणीचा खरा अर्थ, दगडाकडे पाहता वीट मऊ. जुन्या मराठीत हेच काम ‘परीस’ करत असे. खेड्यापाड्यांत ‘तुज्यापरास’ अजून ऐकू येतं आणि गोव्याच्या कोकणीत ‘परस’ रोजच्या वापरात आहे.

या किनाऱ्यावरच्या बोलीला व्याकरणाच्या चौकटीत बसवायचा पहिला उद्योग पोर्तुगीज अमलातल्या पाद्र्यांनी केला. वसई आणि बोरिवली ज्या बेटावर आहे ती साष्टी १५३४ मध्ये पोर्तुगिजांच्या हाती आली. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्याच्या माथ्यावर फ्रान्सिस्कनांनी चर्च आणि विद्यालय उभारलं, त्याचे भग्न अवशेष आजही दिसतात. गोराई, मनोरी, उत्तन ही खाडीपलीकडची गावं ख्रिस्ती झाली ती याच काळात. गोराईचं चर्च बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या नावाचं आहे. माणसं बाटली तरी भाषा राहिली. प्रार्थना शिकवायची, कबुलीजबाब ऐकायचा, तर पाद्र्याला ती यायलाच हवी. म्हणून सतराव्या शतकात कुणा पोर्तुगीज मिशनऱ्याने उत्तर कोकणातल्या या बोलीचं व्याकरण लिहिलं. त्याचं नाव हस्तलिखितावर राहिलं नाही. दोनेकशे वर्षांनी, १८५८ मध्ये, पोर्तुगीज हिंदुस्थानच्या सरकारातले चिटणीस कुन्या रिव्हारा यांनी ते गोव्यात छापून काढलं. त्याआधी १६४० मध्ये गोव्यातल्या राचोलला थॉमस स्टीफन्सचं व्याकरण छापलं गेलं होतं, लेखकाच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी. स्टीफन्स इंग्रज. मराठी-कोकणीचं छापील व्याकरण लिहिणारा पहिला माणूस मातृभाषेने इंग्रज होता आणि त्याने ते पोर्तुगिजांच्या मुलखात राहून लिहिलं, यात पुढच्या गुंत्याची चाहूल लागते.

हे पाद्री लॅटिन व्याकरणावर वाढलेले. चौथ्या शतकातल्या रोमन डोनाटसचं प्रश्नोत्तरांचं छोटं व्याकरण युरोपात हजारेक वर्षं घोकलं गेलं, आणि त्यात तुलनेच्या पायऱ्या किती, याचं ठरलेलं उत्तर होतं: तीन. साधी, दोघांतली, सगळ्यांतली. तिन्हींना विशेषणाचं वेगळं रूप हवं. असा तीन कप्प्यांचा डबा घेऊन आलेल्या माणसाला ज्या भाषेत विशेषण बदलतच नाही ती भाषा भेटली, तर त्याने काय करावं? डबा टाकून द्यावा असं फारसं कुणाला सुचलं नाही. त्यातल्या त्यात त्यांच्या सोयीची गोष्ट एकच होती. लॅटिनमध्येही ‘दॅन’चं काम पुष्कळदा नुसती विभक्ती करते, आणि तीही ‘पासून’च्याच अर्थाची. ‘बोरिवलीहून लांब’ रोमन माणसाला चटकन कळलं असतं.

पायऱ्या नव्हत्या म्हणजे मराठीला मोजमापाचं वावडं होतं, असं मुळीच नाही. उलट पायऱ्यांपेक्षा बारीक माप तिच्याकडे होतं आणि ते बाजारातून आलं होतं. शेरास सव्वाशेर. एकोणीस-वीसचा फरक. काकणभर सरस. तसूभरही कमी नाही. काकण किती, तसू किती, हे सगळं त्यात आलं. नुसत्या ‘बेटर’ला हे सांगता येत नाही. माधवराव नावाचे दोन पेशवे झाले, तर एक थोरले माधवराव आणि दुसरे सवाई माधवराव. सवाई म्हणजे सव्वापट. वयाच्या चाळिसाव्या दिवशी पेशवाईची वस्त्रं मिळालेल्या मुलाला राज्याच्या आशेने दिलेलं हे अपूर्णांकातलं विशेषण. १७३९ मध्ये वसई घेऊन या पट्ट्यातली पोर्तुगीज सत्ता संपवणारे चिमाजी अप्पा हे थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ. ‘थोरले’ आणि ‘धाकटे’ दोन्ही तुलनाच, पण पहिली तुलना धाकट्या भावाशी नाही, पुढे झालेल्या दुसऱ्या बाजीरावाशी आहे. कुणाशी ते सांगायची गरज मराठी वाचकाला पडत नाही.

इंग्रज साष्टीत शिरले ते १७७४ च्या डिसेंबरात. बारा वर्षं आधी, १७६२ मध्ये, लंडनला रॉबर्ट लौथ नावाच्या धर्मपंडिताचं इंग्रजी व्याकरणाचं छोटं पुस्तक निघालं होतं. पुढे हा गृहस्थ बिशप झाला. आज शाळेत शिकवले जाणारे तुलनेचे कितीतरी नियम याच काळात कडक झाले. तोवर इंग्रज लोक ‘मोअर’ लावून वर ‘अर’ही लावत, ‘मोस्ट’ला जोडून ‘एस्ट’ही. खुद्द शेक्सपिअरने ते बिनदिक्कत केलं आहे. लौथने अशा दुहेरी रूपांना चूक ठरवलं आणि थोरामोठ्यांच्या ग्रंथांतल्या चुका नावानिशी दाखवल्या. मग १७९५ मध्ये लिंडले मरे या अमेरिकेतून यॉर्कला येऊन राहिलेल्या वकिलाने तेच सारं शाळकरी साच्यात घातलं आणि ते घरोघर गेलं. अर्थात ज्या नियमांना मराठी मुलं इंग्रजीचा सनातन धर्म समजतात, ते मुंबईतल्या काही चर्चपेक्षा वयाने लहान आहेत. (‘काही चर्चच्या वयापेक्षा’ असं इथे लाल शाई सुचवील.)

मुंबईत या साच्याला मराठी जोडीदार मिळाला तो दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या रूपाने. त्यांच्या आडनावातलं तर्खड हे खाडीपलीकडे वसईजवळचं गाव. दादोबांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ चं, म्हणजे लेखकाच्या बाविसाव्या वर्षीचं. त्यांना मराठीचा पाणिनी म्हणायची पद्धत आहे, पण त्यांच्या पुस्तकाची मांडणी पाणिनीपेक्षा इंग्रजी व्याकरणाच्या धाटणीची होती. पुढे तर्खडकर घराण्याचं नाव एका पाठमालेने महाराष्ट्रभर नेलं: भाषांतर पाठमाला. मराठी वाक्य, समोर इंग्रजी वाक्य. मॅट्रिकला बसणाऱ्या किती पिढ्या त्यावर पोसल्या! ‘पेक्षा’समोर ‘दॅन’ लिहायचं, ही गाठ तिथेच पक्की बसली. गाठ सोयीची होती. तिच्यात ‘तुझ्या’चा पेच मात्र सुटत नव्हता.

गोराईच्या लोकांची इंग्रजीशी ओळख वेगळ्या वाटेने वाढली. इंग्रजी अमलात या भागातल्या ख्रिस्ती लोकांना मुंबईच्या कचेऱ्यांत नोकऱ्या मिळू लागल्या, तशा त्या गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांनाही मिळत होत्या. दोघांनाही सरसकट ‘पोर्तुगीज’ म्हटलं जाई. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, इथल्या मूळच्या मंडळींनी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. आम्ही त्यांच्यासारखे नाही, आम्ही इथले, आधीपासूनचे, एवढं सगळं त्या नावात भरलं होतं. घरात मात्र बोली मराठीचीच.

त्या बोलीपर्यंत सरकारी यादी पोचली ती जॉर्ज ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात. हिंदुस्थानच्या मोठ्या भागातल्या बोलींचे नमुने गोळा करायचे, असा तो अचाट बेत होता. शेवटी १७९ भाषा आणि ५४४ बोलींची नोंद झाली. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. तो तयार केला स्टेन कोनोव या नॉर्वेच्या पंडिताने, आणि त्यात ठाणे जिल्ह्यातल्या कोळी, आगरी, वाडवळ बोलींच्या सोबत ‘किरिस्ताव’ अशीही एक बोली आहे. गोराई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती.

या सर्वेक्षणासाठी उधळ्या मुलाची बायबलमधली गोष्ट प्रत्येक बोलीत उतरवून घेत. त्याबरोबर २४१ शब्दांची आणि वाक्यांची ठरावीक यादी भरून मागत. यादी वाचताना करमणूक होते. इथून काश्मीर किती दूर आहे, हे मामलेदाराने ठाण्याच्या कोळ्याला विचारायचं. पांढऱ्या घोड्याचं खोगीर घरात आहे, हे ज्याच्या गावात होड्याच होड्या त्याच्याकडून वदवून घ्यायचं. आणि याच यादीत सहा शब्द ओळीने येतात: गुड, बेटर, बेस्ट, हाय, हायर, हायेस्ट. डोनाटसचा तीन कप्प्यांचा डबा, दोनदा. मराठीच्या कुठल्याही बोलीला यातले दोनच शब्द सरळ देता येत होते, ‘बरा’ आणि ‘उंच’. उरलेल्या चार जागी एकेकटा शब्द नाहीच. ‘त्याहून बरा’, ‘सगळ्यांत उंच’ अशी मोळी बांधावी लागते, आणि ‘त्याहून’ म्हटलं की विचारणाऱ्याने न सांगितलेला कुणीतरी ‘तो’ आणावा लागतो. कोरा ‘बेटर’ मराठीत संभवत नाही. कशापेक्षा ते सांगा, मग बोलू.

यादीच्या शेवटाकडे मात्र एक पूर्ण वाक्य आहे, त्याचा भाऊ त्याच्या बहिणीपेक्षा उंच आहे, अशा अर्थाचं. हे मराठीला घरच्यासारखं. पाद्र्यांनी आणि साहेबांनी शब्द मागितले तिथे ती अडखळत होती. वाक्य मागितलं की तिचं सगळं सुरळीत चालत होतं.

शाळेतली तुलना मात्र पुन्हा शब्दांकडे आणि साच्यांकडे वळली. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेला पी. सी. रेन पुढे फ्रेंच परदेशी पलटणीवरच्या ‘बो जेस्ट’ या कादंबरीमुळे जगभर गाजला, पण हिंदुस्थानात तो अमर झाला तो ‘रेन अँड मार्टिन’मुळे. तुलना समान गोष्टींची करा, मुंबईच्या लोकसंख्येची तुलना पुण्याच्या लोकसंख्येशी करा, पुण्याशी नको. एखाद्याला त्याच्याच वर्गाशी तोलताना त्याला वर्गातून बाहेर काढा, म्हणजे ‘एनी’ नव्हे, ‘एनी अदर’ म्हणा. हे नियम अशा पुस्तकांतून इथल्या शाळांत मुरले. नियमाचं कारण सोपं आहे: मुंबई भारतातल्या कोणत्याही शहरापेक्षा मोठी म्हटलं, तर मुंबईही भारतातलंच शहर, तेव्हा ती स्वतःपेक्षा मोठी ठरते. पण परीक्षेत कारण कुणी विचारत नाही. दहावीच्या पेपरात ‘डिग्री बदला’ असा प्रश्न येई आणि क्लासमध्ये त्याचे मंत्र मिळत: सर्वांत मोठा असेल तर ‘नो अदर’ने सुरू करा, ‘वन ऑफ द’ दिसलं की ‘व्हेरी फ्यू’. अर्थ न कळता पूर्ण गुण मिळवून देणारा असा प्रश्न दुसरा नसेल.

खरं तर ‘अदर’मागचा विचार मराठी मुलाला उपजत येतो. ‘वर्गातल्या मुलांत राम उंच’ म्हणताना राम त्या मुलांतलाच एक असतो. ‘वर्गातल्या मुलांपेक्षा राम उंच’ म्हटलं की राम बाजूला उभा राहतो, कदाचित तो वर्गशिक्षकही असेल. ‘त’ आत ठेवतो, ‘पेक्षा’ बाहेर काढतो. ही वाटणी पाणिनीने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी दोन लागोपाठच्या सूत्रांत केली आहे: समूहातलाच एक निवडायचा तर षष्ठी किंवा सप्तमी, दोन गोष्टी मुळातच वेगळ्या असतील तर पंचमी. टीकाकारांची उदाहरणंही खमंग आहेत. गाईंमध्ये काळी गाय दुधाला उत्तम, कारण काळी गाय गाईंतलीच. मथुरेचे लोक पाटलिपुत्राच्या लोकांपेक्षा श्रीमंत, कारण हे ते नव्हेत. शिवाय मथुरेच्या लोकांची तुलना पाटलिपुत्राच्या लोकांशी केली आहे, पाटलिपुत्राशी नाही. लाल शाईला इथे काम नाही. दोघांतल्या तुलनेला ‘तर’ आणि अनेकांतल्या निवडीला ‘तम’ हेही तिथेच सापडतं. लघुतर, लघुतम. त्या दोन प्रत्ययांच्या जोडीतून मराठीला एक सुंदर शब्द मिळाला, तारतम्य. ज्याला तर कुठे आणि तम कुठे ते कळतं, त्याला तारतम्य आहे.

हे तर्कशास्त्र मराठी माणसाच्या इतकं अंगी भिनलेलं आहे की तो ते मुद्दाम मोडूनही दाखवतो. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी.’ गाय वासरांतली नव्हेच, तिला त्या वर्गात बसवणंच चूक. लौथला ही म्हण ऐकवली असती तर त्याने लगेच पेन्सिल उचलली असती. पण म्हणीची सगळी खोच त्या चुकीत आहे. गाय वासरांत उभी राहिली म्हणूनच शहाणी ठरली.

आजची मुंबई दोन्ही व्याकरणांना हसते. ‘हे जास्त बेटर आहे’, ‘सगळ्यात बेस्ट’ अशी दुहेरी रूपं लोकलच्या डब्यात सर्रास ऐकू येतात. दोन-अडीच शतकांपूर्वी लौथने हाकललेले पाहुणे बोरिवलीला परत उतरले म्हणायचे. आणि ज्या शहराची बसच ‘बेस्ट’ नावाची, तिथे तमभाव सकाळपासून रात्रीपर्यंत रस्त्यावर धावतो, गोराई आगारातूनही सुटतो. वाट पाहणाऱ्याला त्या नावात कुणाशी तुलना आहे हे विचारावंसं वाटतं, पण ती आद्याक्षरं आहेत.

खाडीपलीकडे गोराईच्या हद्दीत गेली काही वर्षं असंच एक तमभावाचं वाक्य उभं आहे. तेथील विपश्यना पॅगोडाचं उद्घाटन ८ फेब्रुवारी २००९ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झालं. यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोडाच्या धर्तीवर तो बांधला आहे, आणि आत एकही खांब नसलेल्या दालनात आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. खांबांचा आधार नसलेला जगातला सर्वांत मोठा दगडी घुमट, अशी त्याची ओळख करून देतात. व्याकरणाच्या नजरेने हे वाक्य फार विचार करून रचलेलं आहे. नुसतं ‘सर्वांत मोठा घुमट’ म्हटलं असतं, तर पोलादी सांगाड्यांची आधुनिक क्रीडागारं आडवी आली असती. ‘दगडी’ म्हटल्यावर ती गळाली. रोमचं पँथिऑन काँक्रीटचं, तेही त्याच शब्दाने बाद झालं. मग तुलनेला घेतात तो मुख्यतः विजापूरचा गोल घुमट.

विजापूरच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर, गोराईचा सुमारे ८५. म्हणून गोल घुमटाच्या दुप्पट असं सांगतात, आणि इथे रेन अँड मार्टिनचा विद्यार्थी हात वर करतो: दुप्पट काय? व्यास दुपटीहून जरा जास्त असेल तर खालची जमीन पाचपटीच्या घरात जाते, आणि आतली हवा त्याहून कितीतरी जास्त. वाक्यात ते सांगितलेलं नाही. मराठीत ‘गोल घुमटाच्या दुप्पट’ म्हटलं की ऐकणारा व्यास, जमीन, हवा यांतलं जे हवं ते स्वतःच घालून घेतो, ‘तुझ्यापेक्षा’मध्ये घर घालून घेतो तसंच.